निराधारचा अर्ज: आजारी माणसासाठी पहिल्यांदाच तहसीलची पायरी चढणाऱ्यांना

मावशीचा अंगठा मशीनवर उठेना, तेव्हा ग्राहक सेवा केंद्रातल्या पोराने तिला आधी हात पदराला पुसायला सांगितलं. मग थोडं व्हॅसलीन लावून पाहिलं. मग उजव्या हाताची उरलेली बोटं, मग डाव्या हाताची. दहाही बोटं झाली, दर वेळी तोच लाल दिवा. मागे रांग चुळबुळत होती. पोरगा वाईट नव्हता. त्याने शेवटी आवाज उतरवून विचारलं, "आजी, भांडी फार घासता का?"

मावशीने चार महिन्यांत एक भांडं घासलं नव्हतं. स्तनाच्या कर्करोगासाठी ती कॅपेसिटाबीनच्या गोळ्या घेत होती. या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होतात, कातडी सोलवटते आणि काही रुग्णांच्या बोटांवरच्या रेषाच पुसल्या जातात. हे कर्करोगाच्या डॉक्टरांना माहीत असतं, बँकेच्या काउंटरवर कुणाला माहीत असायचं कारण नाही. निराधारचे तीन महिन्यांचे पैसे तिच्या खात्यात पडून होते आणि ती तीच आहे हे सिद्ध करायला तिच्याकडे बोटं उरली नव्हती.

त्यानंतर नात्यातल्या, गल्लीतल्या, ओळखीच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांचे कागद घेऊन मी फिरले. एक गोष्ट प्रत्येक वेळी दिसली. अर्जदार चालत येईल, रांगेत उभा राहील, अंगठा देईल, पत्र आलं तर वाचेल आणि "पुढच्या सोमवारी या" म्हटलं की पुढच्या सोमवारी येईल, असं योजना धरून चालते. ज्याला हे सगळं जमतं तो सहसा निराधारचा अर्ज करत नाही. म्हणून हा लेख रुग्णासाठी लिहिलेलाच नाही. त्याच्या घरातल्या ज्या माणसाला आता हे सगळं अंगावर घ्यायचं आहे, त्याच्यासाठी लिहिला आहे.

आधी योजना नीट ओळखा

लोक "डोल", "निराधारचा पगार", "संजय गांधी" असं काहीही म्हणोत, मूळ योजना एकच: संजय गांधी निराधार अनुदान योजना. १९८० पासून चालू आहे, सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाची आहे आणि तिचं काम तहसील कार्यालयातल्या एका टेबलावर होतं, ज्याला सगळे "संगांयो शाखा" म्हणतात. वय ६५ च्या आत हवं आणि महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य हवं. पासष्टी ओलांडलेल्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे, टेबल बहुधा तेच.

विधवा, परित्यक्ता, अनाथ, दिव्यांग असे बरेच गट यात येतात. आपल्या कामाचा गट दुर्धर आजाराचा. क्षयरोग, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग, पक्षाघात ही नावं निकषांत आहेत आणि त्यांच्यापुढे "यांसारख्या" असा शब्द आहे. हा शब्द लक्षात ठेवा. डायलिसिसवरच्या माणसाला काउंटरवरून "तुमचा आजार यादीत नाही" असं सांगितलं जातं, तेव्हा त्याचं सगळं प्रकरण या एका शब्दावर उभं असतं. यादी बंद नाही. आजारामुळे स्वतःचा चरितार्थ चालवता येत नाही, हा तिचा गाभा आहे.

रक्कम जुलै २०२३ पासून महिना १,५०० रुपये. दिव्यांगांसाठी ती ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० झाली. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

आता उत्पन्नाची अट. कुटुंबाचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत हवं, नाहीतर वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत. दिव्यांगांसाठी मर्यादा ५०,०००. एकवीस हजार म्हणजे दिवसाला ५८ रुपयेही नाहीत, तेही सगळ्या घराचे. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीवर महाराष्ट्राचा दर २९७ रुपये होता आणि तेव्हा कायद्याने हमी शंभर दिवसांची. एकाहत्तराव्या दिवशी घराने मर्यादा ओलांडली. सरकारच्याच कामावर एका माणसाने शंभर दिवस भरले, तर त्याच्या घरातला कर्करोगाचा रुग्ण सरकारच्याच लेखी निराधार राहत नाही. मर्यादा अशी असली की दाखल्यावरचा आकडा आणि घरातली खरी आवक यांचा संबंध सुटतो. मग सगळ्या गावाचं उत्पन्न वीस-एकवीस हजारांवर येऊन थांबतं. हे तलाठ्यालाही माहीत असतं आणि तुम्हालाही. मी यावर सल्ला देणार नाही. फक्त एवढं सांगते की दाखल्यासाठी जबाब लिहून देताना आजारपणात बुडालेला रोज आणि विकलेलं जनावर हेही लिहा. आजारी माणसाचं मागच्या वर्षीचं उत्पन्न आणि या वर्षीचं उत्पन्न एक नसतं, आणि ते सांगायची हीच जागा आहे.

पहिलं काम: फाइल कुणाची ते ठरवा

घरातल्या एकाच माणसाने कागद सांभाळायचे. दोघं-तिघं आळीपाळीने गेले की प्रत्येक जण पहिल्यापासून सुरुवात करतो. तो माणूस रोज रुग्णाच्या उशाशी बसणारा नसला तर उत्तम. एकाच अंगावर दोन्ही कामं पडली की आधी फाइल मागे पडते.

रुग्णाची सही होते आहे तोवर एक साधं प्राधिकारपत्र करून घ्या: माझ्या आजारपणामुळे माझ्या वतीने अमुक व्यक्ती अर्ज दाखल करील, माहिती घेईल, कागद स्वीकारील. खाली सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार. प्रत्येक कार्यालय ते मानेलच असं नाही, पण "तुम्ही कोण?" या प्रश्नाला तोंडी उत्तरापेक्षा कागद बरा. हे काम उद्यावर टाकू नका. एका ओळखीच्या घरी आम्ही रविवारी करू म्हणालो आणि शुक्रवारी पक्षाघाताचा दुसरा झटका आला.

अजून एक सवय. एक वही घाला. तारीख, कोणत्या टेबलावर कोण भेटलं, काय म्हणालं. चार महिन्यांनी "तुम्ही आलाच नव्हता" असं ऐकावं लागलं तर ती वही उघडून समोर धरता येते. माझ्या पहिल्या वहीची शेवटची पानं दुधाच्या हिशेबाने भरली आहेत, पण तिने दोन प्रकरणं वाचवली.

दुसरं: ज्याला रुग्णाचं शरीर लागतं ते सगळ्यात आधी

नवखे लोक रेशनकार्डाच्या झेरॉक्सपासून सुरुवात करतात, कारण ते सोपं असतं. उलट करा. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, वयाचा पुरावा यासाठी तुम्ही फिरू शकता. वैद्यकीय प्रमाणपत्रासाठी मात्र रुग्ण प्रत्यक्ष लागतो आणि त्याची ताकद दर आठवड्याला कमी होत असते.

प्रमाणपत्र जिल्हा शल्य चिकित्सकांचं किंवा शासकीय रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचं लागतं. खासगी डॉक्टरचं पत्र जोडा, पण ते पुरत नाही. उपचार शासकीय रुग्णालयात चालू असतील तर केमो किंवा तपासणीच्या फेरीतच हे काम उरका, वेगळी गाडी करू नका. प्रमाणपत्रात नुसतं आजाराचं नाव आणि सही असेल तर ते अर्धं काम. "या आजारामुळे सदर व्यक्ती कोणतेही काम करून उपजीविका करण्यास असमर्थ आहे" असं एक वाक्य त्यात यायला हवं. डॉक्टर घाईत असतात, मुद्दाम गाळत नाहीत. अदबीने मागितलं तर बहुतेक लिहून देतात. मी ते वाक्य चिठ्ठीवर लिहूनच नेते.

आता दिव्यांगत्वाचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि योजनांसाठी निदान ४० टक्के लागतात. कर्करोग या यादीत नाही. पण कर्करोगाने शरीराचं जे केलं ते असू शकतं. आपल्याकडे तंबाखूने तोंडा-घशाचे कर्करोग घरोघर आहेत. स्वरयंत्र काढून टाकल्यामुळे कायमची गेलेली वाचा कायद्यात वाचा दिव्यांगत्वाखाली स्पष्ट नोंदलेली आहे. पक्षाघातानंतर बोलणं-समजणं गेलेलं असेल तर तेही. हाडाच्या कर्करोगात पाय काढावा लागला तर ते अस्थिव्यंग. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे रक्ताचे आजार तर थेट यादीतच आहेत, विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या सिकलसेलच्या घरांनी हे विशेष लक्षात ठेवावं. अशा रुग्णाने "दुर्धर आजार" गटातून अर्ज केला तर १,५०० आणि २१,००० ची मर्यादा, "दिव्यांग" गटातून केला तर २,५०० आणि ५०,००० ची मर्यादा. काउंटरवर हे कुणी आपणहून सांगत नाही. आधी गट ठरवा, मग अर्ज भरा.

दिव्यांग प्रमाणपत्राची नोंदणी स्वावलंबन पोर्टलवर होते, तपासणी ठरलेल्या दिवशी शासकीय रुग्णालयात. प्रमाणपत्र तात्पुरतं मिळालं तर त्यावरची मुदत वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मुदत संपली की अनुदान अडकतं, आणि तात्पुरतं म्हणून दिलेलं दिव्यांगत्व बहुतेक वेळा तोवर जास्त झालेलं असतं.

तिसरं: नाव

हे थोडक्यात सांगते. आधारवर सखुबाई, रेशनकार्डावर सखू, पासबुकावर माहेरचं आडनाव. असं असेल तर बाकी सगळे कागद बरोबर असूनही त्रुटी निघते. सगळं आधारच्या नावाशी जुळवा, कारण पैसे आधारवरून फिरतात. एकाच व्यक्तीची दोन नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं तर बाहेरचा टंकलेखक पाचशेचा स्टॅम्प घ्यायला सांगेल. उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालतं. वाद घालायचा की पाचशे रुपये देऊन मोकळं व्हायचं हे त्या दिवशीच्या अंगातल्या बळावर ठरवा. मी दोन्ही केलंय.

चौथं: खातं, आधार आणि न दिसणारा धागा

पूर्वी तहसीलमधून बँकेला यादी जायची आणि बँक ज्याच्या-त्याच्या खात्यात पैसे टाकायची. डिसेंबर २०२४ पासून पैसे डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट, आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. मधला एक हात कमी झाला ही चांगली गोष्ट. पण इथे नव्या माणसाची मोठी फसगत होते.

तुम्ही अर्जात लिहिलेला खाते क्रमांक आणि पैसे जिथे जातात ते खातं एकच असेल असं नाही. डीबीटीचे पैसे जातात ते राष्ट्रीय देयक महामंडळाच्या नोंदीत त्या आधारसमोर शेवटचं जे खातं जोडलेलं असेल तिथे. एका आधारला एकच खातं. रुग्णाने मध्यंतरी सिमकार्ड घेताना, बचतगटात किंवा कुठल्या कंपनीच्या कर्जासाठी नवं खातं उघडलं असेल, तर धागा तिकडे जोडला गेला असेल. २०१७ मध्ये एअरटेल पेमेंट्स बँकेच्या बाबतीत हेच मोठ्या प्रमाणावर झालं होतं. मोबाइलची पडताळणी करताना ग्राहकांच्या नकळत खाती उघडली गेली, गॅसचं अनुदान तिकडे जमा झालं आणि आधार प्राधिकरणाने कंपनीचा ई-केवायसी परवाना स्थगित केला. अजूनही "पैसे आलेच नाहीत" म्हणणाऱ्या काहींचे पैसे त्यांना आठवतही नसलेल्या खात्यात सापडतात.

म्हणून अर्जाआधीच तपासा. माय आधार संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते, त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल हातात हवा. तो नंबर बंद पडलेला असेल किंवा शहरात गेलेल्या मुलाचा असेल, तर पहिल्यांदा तोच बदला. बँकेत जाऊन "आधार लिंक करा" एवढंच म्हणू नका. लिंक दोन प्रकारचं असतं. केवायसीसाठी, म्हणजे ओळखीच्या पडताळणीसाठी, आधार क्रमांक खात्याला लावला म्हणजे डीबीटी सुरू झालं असं होत नाही. "डीबीटीसाठी आधार सीडिंग करून द्या" असं म्हणा, त्याचा वेगळा संमती अर्ज असतो, त्याची पोच घ्या, आणि आठवड्याने स्थिती पुन्हा पाहा.

अंगठा उठत नसेल तर काय, हे मावशीमुळे मला शिकावं लागलं. बोटांऐवजी डोळ्यांचं स्कॅन चालतं. नोंदलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी चालतो. काही ठिकाणी चेहऱ्यावरूनही पडताळणी होते. यातलं काहीच जमलं नाही तरी लाभ नाकारायचा नाही, आधार कार्ड पाहून अपवादाच्या नोंदवहीत नोंद करून द्यायचा, असं आधार प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात सांगितलं आहे. कुष्ठरोगाने बोटं झडलेल्यांचं आधारदेखील बोटांच्या ठशांशिवाय काढता येतं, त्यासाठी अपवादाची तरतूद आहे. पूर्ण अंथरुणाला खिळलेल्याच्या घरी येऊन आधार अद्ययावत करण्याचीही सोय आहे, तिला शुल्क पडतं.

पैसे काढायचं म्हणाल तर ग्राहक सेवा केंद्रातलं मशीन हा एकच रस्ता नाही. शाखेत जाऊन पैसे काढायच्या स्लिपवर सही किंवा साक्षीदारांसमोर अंगठा चालतो. सत्तरीपुढच्यांना, तसंच दिव्यांग किंवा जुनाट आजाराचं वैद्यकीय प्रमाणपत्र असलेल्यांना घरपोच बँक सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना सांगितलेलं आहे. मावशीच्या शाखेत हे मी पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा समोरच्या बाई हसल्या. लेखी अर्ज दिल्यावर नवव्या दिवशी एक शिपाई आणि एक क्लार्क घरी आले, चहा घेतला, स्लिपवर शाईचा अंगठा घेतला. शाईच्या अंगठ्यात रेषा नव्हत्याच, नुसता निळा ठिपका होता. साक्षीदारांच्या सह्या झाल्या आणि काम झालं.

पाचवं: अर्ज आणि समिती

अर्ज तहसीलला थेट द्या किंवा सेतू केंद्रातून भरा. सेतूत भरला तरी एक प्रत संगांयो शाखेत जाऊन दाखवा. तुमच्याकडे राहणाऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक असल्याशिवाय तिथून हलू नका. "ठेवून जा, बघतो" म्हणजे अर्ज दिलेलाच नाही असं समजा.

मंजुरी तालुक्याची समिती देते. तिचा अध्यक्ष अशासकीय, म्हणजे पालकमंत्र्यांच्या शिफारशीवर आलेला, आणि सदस्य सचिव तहसीलदार. बैठक होईल तेव्हा प्रकरणं निघतात. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बैठक पुढे जाते. सरकार बदलून समितीच स्थापन झाली नसेल तर आणखी पुढे. धडधाकट विधवेलाही हे सोसत नाही, पण तिला थांबता तरी येतं. चौथ्या टप्प्यातला कर्करोग थांबत नाही. आणि अनुदान अर्जाच्या तारखेपासून मोजत नाहीत, मंजुरीनंतर सुरू होतं. अडलेल्या महिन्यांचे पैसे कुणी मागे जाऊन देत नाही.

यावर एकच उपाय मला थोडाफार लागू पडलेला दिसला. अर्जाच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने "दुर्धर आजार, तातडीचे प्रकरण" असं लिहा, सोबत तहसीलदारांच्या नावे अर्ध्या पानाचं पत्र जोडा, त्यात आजाराचा टप्पा आणि डॉक्टरांनी लिहिलेलं उपचाराचं वेळापत्रक द्या. नायब तहसीलदारांना एकदा प्रत्यक्ष भेटा. रुग्णाला नेऊ नका. दया यावी म्हणून खुर्चीवर उचलून आणलेला माणूस मी पाहिला आहे. त्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते.

दलाल भेटेल. तो आधी वही मागेल, मग दोन हजार. समितीची ओळख सांगेल. त्याला दिलेले पैसे हे सव्वा महिन्याहूनही जास्त अनुदान आहे, आणि तो लावतो ते कागद तुम्हीही लावू शकता.

वाट बघायच्या महिन्यांत

निराधारचे पैसे यायला वेळ लागणार हे धरून बाकीची दारं त्याच आठवड्यात ठोठवा.

महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र चालतात. १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डासह सगळ्या रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. भरती होण्याआधी त्याला गाठा, मदतीचा क्रमांक १५५३८८. बिल भरून झाल्यावर परतावा मिळेल या आशेवर राहू नका, इथे पैसे सरकार रुग्णालयाला देतं, तुम्हाला नाही.

योजनेत न बसणाऱ्या उपचारासाठी धर्मादाय रुग्णालय पाहा. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. निर्धनसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार, दुर्बलसाठी ३ लाख ६० हजार. बाहेरच्या बोर्डावर "धर्मादाय" हा शब्द शोधा, आत गेल्यावर समाजसेवा अधिकाऱ्याला विचारा, आणि "खाट शिल्लक नाही" म्हणाले तर ते लिहून मागा.

क्षयरोग असेल तर निक्षय पोषण योजनेचे महिना १,००० रुपये आहेत, नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते. हेही आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात, म्हणजे चौथ्या पायरीचं काम इथेही कामी आलं. साध्या क्षयाचे उपचार सहा महिन्यांत संपतात. निराधारचा अर्ज त्याच दिवशी टाकला असेल तर कधीकधी दोन्ही बरोबरच निकाली निघतात.

आणि रेशन. घराचा कर्ताच दुर्धर आजारी किंवा दिव्यांग असेल आणि दुसरा आधार नसेल, तर ते घर अंत्योदयच्या निकषात बसतं: माणसं कितीही असोत, महिना ३५ किलो धान्य. त्यासाठी पुरवठा शाखेत वेगळा अर्ज लागतो, आपोआप काही होत नाही.

रुग्णालयाचं पॅकेज मिळालं तरी गावाहून शहराला जायचं भाडं, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज, घशाखाली उतरेल असं पातळ खाणं, हे त्यात नसतं. निराधारचे दीड हजार नेमके इथे जातात. त्यामुळे "उपचार तर फुकट चाललेत, मग पैसे कशाला?" असं कुणी म्हणालं तर त्याला महिन्याच्या एसटीच्या तिकिटांचा गठ्ठा दाखवा.

सहावं: चालू झालेले पैसे बंद पडतात तेव्हा

मंजुरीचा निरोप आला की घर सुटकेचा श्वास टाकतं आणि फाइल कपाटावर जाते. खरी गळती इथून सुरू होते. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, उत्पन्नाची पडताळणी होते, मध्येच आधारची नवी मोहीम निघते. रुग्ण गावात नसतो, मुलीकडे किंवा शहरातल्या धर्मशाळेत असतो. कोतवाल दवंडी देऊन जातो किंवा यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागते. जो हजर नाही तो यादीतून गळतो. त्याला तसं कळवणारं पत्र येईलच असं नाही. पैसे आले नाहीत, एवढंच कळतं.

दर महिन्याला खात्याची नोंद पाहा. दोन महिने ओळीने जमा झालं नाही तर तिसऱ्याची वाट पाहू नका. आधी सीडिंग तपासा, मग संगांयो शाखेत जाऊन "मंजूर आहे की बंद, आणि बंद असेल तर कारण काय" एवढंच विचारा. तोंडी उत्तर वहीत उतरवा.

रुग्ण हलू शकत नसेल तर पडताळणीची तारीख लागण्याआधीच असा अर्ज द्या:

"मी संजय गांधी निराधार अनुदान योजनेची लाभार्थी असून माझा लाभार्थी क्रमांक ____ आहे. ____ या आजारामुळे मी अंथरुणाला खिळून आहे (शासकीय रुग्णालयाचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे). बोटांचे ठसे उमटत नाहीत. कृपया आपल्या कर्मचाऱ्यामार्फत घरी येऊन माझी हयात पडताळणी करावी व तोपर्यंत अनुदान बंद करू नये. ही विनंती मान्य करता येत नसल्यास कारण लेखी कळवावे."

शेवटचं वाक्य गाळू नका. कारण लेखी द्यायचं म्हटलं की बऱ्याचदा माणूस पाठवणं सोपं वाटतं. तलाठी, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात ते, आणि आशाताई यांना अर्जाची एकेक प्रत द्या. घरात कोण आजारी आहे हे आशाताईला तहसीलपेक्षा आधी ठाऊक असतं.

सातवं: वर दाद

भांडायचं आहे म्हणून नव्हे, फाइल हलावी म्हणून.

उत्पन्नाचा दाखला मुदतीत मिळाला नाही तर लोकसेवा हक्क कायदा, २०१५ वापरा. आपले सरकार पोर्टलवरून ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. हा कायदा फार थोडे वापरतात, त्यामुळे वापरणाऱ्याकडे लक्ष जातं.

निराधारच्या अर्जाचं काय झालं हे कळत नसेल तर माहिती अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांची मुदत. नवखा माणूस दोन पानं तक्रार लिहितो. तसं करू नका. एकच विचारा: "आवक क्रमांक अमुक या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची, संबंधित टिपणीच्या प्रतींसह, तारीखवार माहिती द्यावी." उत्तर द्यायला कुणालातरी फाइल उघडावीच लागते. माझ्या अनुभवात तिसाव्या दिवसाच्या आत उत्तराऐवजी फोनच येतो की अमुक कागद कमी आहे, घेऊन या.

दिव्यांगाचं प्रकरण असेल तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. वकील लागलाच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारात. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना १९८७ च्या कायद्याने तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न न पाहता.

आणि माणूस गेला तर

हे कुणी लिहीत नाही, म्हणून लिहिते. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा, तेव्हा ती विनासायास होते. दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच काढा. एक प्रत संगांयो शाखेत द्या. मृत्यूनंतर जमा झालेले हप्ते काढू नका, नंतर वसुलीची नोटीस घरातल्या विधवेच्या नावे येते. गेलेला माणूस दारिद्र्यरेषेखालच्या घराचा कमावता होता आणि वय १८ ते ५९ मधलं असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून वीस हजार रुपये एकरकमी मिळतात. टेबल तेच. आणि मागे राहिलेली बायको ६५ च्या आतली असेल तर तिचा स्वतःचा निराधारचा अर्ज आता विधवा गटातून होतो. तिचं आधार, तिचं खातं आणि तिचा मोबाइल नंबर त्याच फेरीत तपासून घ्या. वहीत अजून पानं असतात.